रंगाचा रकाना

“रंग?” मी विचारलं.
लिअँडर टिबो हसला. “कुठल्या महिन्यातला?”

फॉर्मवर तेवढी जागा नव्हती.
जूनमध्ये फ्लॉस करडी, धुक्यात विरघळणारी,
थंडी पडली की तांबूस, मग जवळजवळ काळी.
मधले दोन आठवडे, तो म्हणाला,
ती कुणाच्याच नावावर नसते.
आणि हे तेच आठवडे होते.

मी पेन्सिलीनं लिहिलं: बदलता.

उंची बारा मुठी आणि वर थोडं.
कानांच्या आत गच्च लोकर.
शेपूट खालून फुटलेली,
न्यूफाउंडलंडच्या वाऱ्याकडे पाठ करून उभं राहण्यासाठी.
या खाडीत एकेकाळी घरटी एक तट्टू होतं.
आता घरं अकरा, तट्टू एक.

“काम?”
तो खुर्ची ओढून बसला.
मे महिन्यात किनाऱ्यावरचं शेवाळ,
जूनमध्ये पाट्या भरभरून केपलिन मासळी,
बटाट्याच्या वाफ्यांना खत म्हणून.
मग साज खुंटीला, तट्टं मोकळी,
ऑक्टोबरपर्यंत सगळा माळ त्यांचा.
हिवाळाभर जळण, गोठलेल्या तळ्यावरून.
बर्फ कुठे पातळ आहे ते डॉटला आधी कळायचं,
ती थांबली की बाप थांबायचा.
“एकदा मी नाही थांबलो,”
एवढंच बोलून त्यानं
तीन बोटांचा हात टेबलाखाली घेतला.

“आईचं नाव डॉटच लिहू? कुठे असते?”

केटली उकळली. त्यानं उतरवली नाही.

त्या वर्षी कायदा आला: मोकळं जनावर दिसता कामा नये.
कुंपणाला पैसे लागतात.
मग ट्रक आला, गोड बोलणारा माणूस आला,
पलीकडे मोठं कुरण आहे म्हणाला, मुलं आहेत.
“सत्तर डॉलर. मी मोजून घेतले.
स्नोमोबाईलचा पहिला हप्ता गेला त्यातून.”
डॉट फळीवरून आपणहून चढली.
आमचं ऐकायची सवय होती तिला.

फ्लॉस तेव्हा अंगावर पिणारं शिंगरू.
ट्रकमध्ये जागा उरली नाही, म्हणून ती उरली.
वंश असाही वाचतो,
हे मी मनात म्हटलं. रकाना नव्हता.

“मग कामापुढे ‘काही नाही’ लिहू?”
“थांब.”

गोठ्यातून त्यानं डॉटचा मानपट्टा आणला.
नऊ वर्षं कुणाच्या गळ्यात नव्हता,
तरी कातडं लोण्यासारखं मऊ,
कॉडच्या तेलाचा वास ताजा.
फ्लॉसनं कान पाडले.
मागे पाच ओंडके, सैल साखळी.
त्यानं हाकललं नाही, चुचकारलं नाही,
खांद्याशी जाऊन नुसता उभा राहिला.

बराच वेळ काही झालं नाही.
मग साखळी ताठ झाली.

मी गुडघ्यावर फॉर्म ठेवून लिहीत होते:
आजपासून. फाटकापर्यंत. ओंडके पाच.

फाटक आलं. ती थांबली नाही.
लगाम त्याच्या हातात होता, सैल.
मागे न बघता लिअँडर म्हणाला,
“हे लिहू नकोस.”