ढवळायचं नाही

अंबडच्या चार कारखान्यांतले वजनकाटे
शून्यावर आणून झाले तेव्हा दीड वाजून गेलेला.
पाचव्यात लाईट नव्हती.
रिक्षावाला म्हणाला, मिसळ खाणार का साहेब?
म्हटलं, काल खाल्ली, परवाही खाल्ली, घसा सोलवटलाय.
मग त्याने मला पाथर्डी फाट्याच्या अलीकडे
टायरवाल्याशेजारी सोडलं.
खैरनार भोजनालय.
आणि त्याखाली वेगळ्या हाताने रंगवलेलं, बारीक:
'गुरुवारी बिकोलचं जेवण'.
बिकोल मला सटाण्याकडचं एखादं खेडं वाटलं.

वार गुरुवारच होता.

"बैस ना भाऊ, जेवी ले,"
गल्ल्यावरची बाई म्हणाली,
आणि मी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे,
बोललं कोण ते शोधायला.
लिगाया खैरनार.
नवरा हेमराज जहाजावर फिटर होता, आता आत कांदा चिरत होता.
भाषा तिने सासूकडून घेतली, म्हणून अर्धी अहिराणी.
बाकी सगळं, म्हणाली, माझं मी आणलं.

ताटात इगतपुरीचा इंद्रायणी भात
आणि त्याच्या कुशीला काळपट हिरवं काहीतरी.
अळू.
मी हसलोच. अळू काय दाखवता मला,
सांगलीचा माणूस मी, पंगतीत द्रोणच्या द्रोण ओरपलेला.
पण यात डाळ नव्हती, दाणे नव्हते,
मुळा नाही, गूळ नाही.
गच्चीवर वाळवलेली पानं
नारळाच्या दुधात इतकी शिजलेली
की दूध सरलं होतं आणि तेल तेवढं उरलं होतं.
वर लवंगी मिरची,
आणि भद्रकालीच्या बाजारातली सुकट,
चप्पल दाराबाहेर काढून
न बोलता मागे येऊन बसलेल्या पाहुण्यासारखी.

"नारळाच्या दुधाला आमच्यात गाता म्हणतात."
गाता?
"हां. गाता."
पातेल्यात काहीतरी हलकं रटरटत होतं.
मी पुढे काही विचारलं नाही.

काटा-चमचा दिला होता. तो बाजूला सारून
मी म्हटलं, दिवसभर काटेच हाताळतो हो.
तिला ते कळलं नाही. हेमराज आतून हसला.
खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसत होता.
तिच्या गावीही असाच आहे म्हणे, अजून टोकदार,
आणि त्याच्या तोंडातून धूर येतो.
तिथे पानं वाळायला आठवडा जातो,
इथे दीड दिवस. "नाशिकचं ऊन चोख."

घसा खाजत कसा नाही, मी विचारलं.
चिंच नाही, आमसूल नाही, मग?

"ढवळायचं नाही," ती म्हणाली.
"दूध आटेपर्यंत हात लावायचा नाही.
ढवळलं की खाज सुटते.
माझी सासू यायची, झाकण काढायची, पळी घालायची.
तीन वर्षं सगळं घर खाजवत होतं."

आईच्या पाटल्या वाटायला बसलो होतो
तेव्हा सोनाराचं वजन झाल्यावर
मी म्हटलं होतं, पुन्हा तोलू.
बॅगेतून माझा काटा काढला होता.
फरक निघाला होता चाळीस मिलिग्रॅम, माझ्या बाजूने.
कुमुदने दोन्ही पाटल्या माझ्याकडे सरकवल्या
आणि उठून गेली.
त्यावर सहा दिवाळ्या झाल्या. दर दिवाळीला मी फोन करतो,
तिने उचलला तर तेच समजावतो, दशांश चिन्हासकट.

आणखी भात मागितला.
लिगायाने मुठीने वाढला,
आणि ती मूठ बरोबर होती.

पैसे देताना म्हटलं, घरी न्यायला थोडं बांधून द्या.
किती? तिने विचारलं.
द्या अंदाजाने, असं म्हणून मीच दचकलो.

सिन्नरच्या पुढे बसमध्ये
ताटाचा फोटो कुमुदला पाठवला.
खाली लिहिलं: अळू. नाशिकमध्ये. फिलिपाईन्सचं.
आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या.
मांडीवरचा डबा अजून कोमट होता.
संगमनेरच्या स्टँडवर ड्रायव्हर चहाला उतरला
तेव्हा उत्तर आलं:

खाजलं का?