सूपभर ज्वारी

रात्री टाकीत नर-मादीमध्ये पारदर्शक पट्टी घालते.
सकाळी दिवा लागला की ती उचलायची.
वीस मिनिटांत तळाशी अंडी,
राजगिऱ्याएवढी.

अर्ध्यांना लाल रंग टोचायचा, पहिलं विभाजन व्हायच्या आत.
अर्ध्यांना काही नाही.
मग चार तास वाट.
बाहेर जळगाव सेहेचाळीसवर, पेटीत साडेअठ्ठावीस,
आणि दोन्हींच्या मध्ये एक जुना इन्व्हर्टर,
ज्याचं पाणी उखर्डूकाका बघतात.

कवच सोलते. चिमटे दोन, श्वास एक.
उघडा गर्भ प्लॅस्टिकला चिकटतो, हवा लागली तर फुटतो,
म्हणून अगारोजच्या खळग्यांत, पाण्याखाली, शेजारी शेजारी:
दाता, यजमान. दाता, यजमान.
काचेची सुई मीच ओढलेली, सकाळपासून चौदावी.
लाल पेशी नळीत चढतात, वीसेक असाव्यात,
मोजायला वेळ नसतो.
दुसऱ्याच्या अंगात सोडायच्या, हळू,
झोपलेल्याच्या उशीखाली चिठ्ठी सरकवावी तशा.

कडेला सोडल्या तर स्नायू होतात.
टोकाला सोडल्या तर डोळा.
उशीर झाला तर ऐकत नाहीत,
जिथल्या होत्या तिथलंच काहीतरी करत बसतात.

वहीत: केले साठ. दुसऱ्या सकाळी जिवंत अकरा.

त्यातला एक काकांना दाखवला.
हिरव्या प्रकाशाखाली शेपूट झटकत होता,
आणि एकाच डोळ्यात लाल, विस्तवाच्या ठिणग्यांसारखं.
"हाई कोनं पोर शे?"
मी म्हटलं, दोघांचं.
मग म्हटलं, तसं नाही. मग थांबले.

ते भिंगावरून उठले नाहीत.
तिथूनच सांगू लागले, जणू त्या माशालाच:
माझ्याआधी तीन गेले.
मग पाचवी पुजायच्याही आधी
आईनं मला नेऊन उकिरड्यावर ठेवलं.
शेजारच्या गोजराबाईनं उचललं, घरी नेलं, तिचा झालो.
संध्याकाळी आईनं मला तिच्याकडून विकत घेतलं,
सूपभर ज्वारी देऊन.
न्यायला येणाऱ्याला पत्ता सापडू नये म्हणून.
नाव तेवढं उकिरड्याचं राहिलं.

डोळा चोळत उठले. टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"आठे जवारी कोन देस?"

मी वहीत अकराच्या पुढे काहीतरी लिहायला घेतलं.
तेवढ्यात लाइट गेली,
आणि काका इन्व्हर्टरकडे धावले.