बारदान

निपाणीच्या वखारीत वडील काट्यावर होते, बत्तीस वर्षं.
तंबाखूचं बोद आलं की आधी हाताने चेपायचे,
वास घ्यायचे, मग काटा,
मग वहीत दोन आकडे: एकूण,
आणि त्याच्या खाली बारदान.
गोणपाटाचं, सुतळीचं, मुरलेल्या ओलीचं वजन
काढून टाकायचं. उरेल तो माल.
"आधी रिकामं मोजावं," म्हणायचे,
"भरलेलं कुणीबी मोजतंय."

मी तेच करते. पगार थोडा बरा आहे.

चांदणं नसलेल्या रात्री
इथून लांब उत्तरेला, एका थंड पठारावर
आरशांची भली मोठी परात आभाळाकडे वळते,
आणि तिचा डेटा सकाळी
आमच्या माडीवर उतरतो, नेट असलं तर.
गॅमा किरण स्वतः जमिनीवर येत नाही.
वरच्या हवेतच फुटतो,
फुटताना निळसर उजेड पडतो
सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरता.
त्यावरून ओळखायचं, कोण आलं होतं.

कालेय तारकासमूहात एक बारकी दीर्घिका आहे.
तारे मूठभर,
पण ते ज्या वेगाने फिरतात
त्यांना धरून ठेवायला शेकडो पट वजन लागतं.
वजन आहे. माल दिसत नाही.
वडिलांना हे सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, "काटा तपासलास?"

तीन उन्हाळे. एकशे अठ्ठेचाळीस तास.
अर्धा वेळ दीर्घिकेकडे, अर्धा वेळ
शेजारच्या मोकळ्या आभाळाकडे,
ते आमचं बारदान.
काल रात्री वजाबाकीला बसले.
समोरच्या कट्ट्यावर शिवलिंगव्वा
बिडीची पानं कातरत होती. खिडकीकडे बघून म्हणाली,
"एन हुडकाकत्ती, इतक्या रातीचं?"
काय शोधतेयस.
"कत्तलु," मी म्हटलं. अंधार.
"मग दिवा कशाला लावलायस?"

दीर्घिकेकडून आलेले: एक हजार दोनशे बारा.
मोकळ्यातून: एक हजार दोनशे नऊ.
तीन उरले. तिनाला काही अर्थ नसतो.
तरी मी त्या तिघांना उघडून पाहिलं,
एकेकाचा डाग, त्याची दिशा, वेळ.
मंगळवारी पहाटे दोनला आलेला एक
मला उगाच आवडला.

मग आलेख, आणि त्यावर एक वाकडी रेघ:
हिच्या वर असतं तर दिसलं असतं.
खाली अजून असू शकेल.
हिला आम्ही सीमा म्हणतो,
आणि हा शब्द मी या गावात जरा हळू उच्चारते.
इथं एका रेघेपायी काका हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आले.
आमच्या जमिनीचा उतारा
शिवलिंगव्वाचा बसू मला वाचून दाखवतो,
कोल्हापूरच्या दवाखान्याचे कागद मी त्याला.
माझी रेघ मात्र कुणी अडवत नाही.
पुढं कुणीतरी जास्त तास बघेल,
ती आणखी खाली सरकवेल.
मला आनंद होईल. बहुतेक.

सकाळी चहा घेऊन गेले. वडील जागेच होते.
"गावलं काय गं?"
"नाही."
बशीत ओतलेला चहा त्यांनी फुंकला.
"किती नाही?"

दहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी आकडा सांगितला, दहाचा घात वजा तेवीस, सगळं.
त्यांनी तो तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हटला,
बोदाचा नंबर पाठ करावा तसा.
"मग लिव की," म्हणाले. "तारीख घाल."