किती सेकंद

अनारशावरची खसखस आणि हे
एकाच झाडाचं, असं सांगून मी सुरुवात करायचे,
तेवढ्यावर मागचे बाकही जागे व्हायचे.
मग फळ्यावर तीन रकाने.
बोंडाच्या चिकातून थेट आलेली: मॉर्फिन, कोडीन.
त्याच चिकाला प्रयोगशाळेत वळण लावलेली: हेरॉइन वगैरे.
आणि ज्यांनी शेत कधी पाहिलंच नाही ती, फेंटानिल, मेथाडोन.
खाली, खडू संपत आलेला, घाईघाईत
म्यू, कप्पा, डेल्टा:
पेशीवरची कुलपं.
कुणी किल्ली पूर्ण फिरवतं, कुणी अर्धीच,
नालोक्झोन नुसतं भोकात जाऊन बसतं
आणि दुसरीला शिरू देत नाही.

तासानंतर प्रात्यक्षिक.
निवृत्ती ओव्हाळ उंदीर आणायचा
हळूच धरून, लेकराला अंघोळीला न्यावं तसा.
पंचावन्न अंशांची तबकडी, स्टॉपवॉच त्याच्याच हातात.
सुई न दिलेला चार सेकंदांत पंजा चाटायचा.
दिलेला, बारा.
पंधरावर उचलायचाच, हा नियम.
"भाजतंय त्याला, मॅडम," एकदा म्हणाला,
"फक्त मनावर घेत नाहीये."
मी म्हटलं, परीक्षेत हेच लिहा. मुलं हसली.

आता ससूनमध्ये, खिडकीकडची कॉट,
मणक्यात उतरलेला कॅन्सर,
खाली ताडीवाला रोडकडे वळणाऱ्या रिक्षा.
सिस्टर दोन कुलपांचं कपाट उघडते,
वहीत एकेक गोळी लिहिते, दुसरी सही करते.
दर चार तासांनी दहा मिलिग्रॅम.
त्याच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. झोपेत नाक खाजवतो.
सून विचारते, चार दिवस पोट साफ नाही, गोळीनंच का?
गोळीनंच. आतड्यातही तीच कुलपं असतात, बाई.
एकतीस वर्षं शिकवलं हे,
पण रेचक कुठलं द्यायचं ते सिस्टरला विचारलं.

श्वास मोजते. मिनिटाला चौदा.
आठच्या खाली गेले तर काय, तेही पाठ आहे.

साडेपाचला तो डोळे उघडतो.
माझं मनगट वळवून घड्याळ बघतो.
दुखतंय?
"दुखतंय. पण शेजारच्या घरात भांडण चालावं तसं.
आता भिंत पातळ होतीय."
मग बराच वेळ काही नाही.
"आपण त्यांना पंधरावर उचलायचो ना?"
उचलायचो.
"नेहमी?"

एकदा मी कप्पावर बोलतच राहिले होते,
सोळा, सतरा,
उचलला होता त्यानंच, मला न विचारता.

नेहमी, म्हणते मी.
सहाला वीस मिनिटं आहेत.
मी सिस्टरला हाक मारते.