अक्षर कोणाचं

मोराव्हियातला फेब्रुवारी काही केल्या संपत नाही.
तळघरात हीटर, त्यावर वाळत घातलेले माझे हातमोजे,
आणि टेबलावर उस्ताद हानुश व्रबांचं
सातवं प्रार्थनासंगीत, कसरीने खाल्लेलं.

चौकात त्यांचा पुतळा आहे. कबुतरांनाही पाठ.
पण व्हिएन्नाचे एक प्राध्यापक म्हणतात,
चौथ्या पानापासून चालच वेगळी, हे काम
त्यांच्या मेहुणीचं, अपोलेनाचं.
ब्र्नोचे दुसरे म्हणतात, छे, ती नुसती नक्कल उतरवायची.
गेल्या वर्षी जेवायला बसले शेजारी
आणि एकमेकांकडे मीठ सरकवेनात.

मी कागद सांधते. मला कोण विचारतंय.
पण भिंगाखाली दिसतं ते दिसतं:
विरामाच्या खुणेची शेपटी डावीकडे मुरडलेली,
आणि शेवटच्या पानाच्या पाठीवर, त्याच शाईत,
तशाच शेपटीचा सातचा आकडा.
सदरे सात. चादरी दोन. साबण उधार.

यावरून काही सिद्ध होत नाही.
तिने सूर लिहिले असतील,
किंवा त्यांनी धुण्याचा हिशोब.
(हे दुसरं मात्र कोणीच मानायला तयार नाही.)

एकोणिसाव्या ओळीत एक सूर खोडलाय.
आधीचा सोपा होता, गोड, कोणालाही सुचेल असा.
वर लिहिलेला आला की
अजून चर्चमधल्या म्हाताऱ्या पुस्तकातून मान वर काढतात.
खोडताना टाकाने कागद फाडलाय आरपार.

ते भोक आज बुजवायचं होतं.
खळ कालवली, पातळ कागद कातरला,
आणि पान उजेडाकडे धरून बसले
खळ सुकेपर्यंत.