कलम अकरा

देओलिंदाच्या बेकरीत ते यंत्र मीच विकलं.
फॉल रिव्हरमध्ये, कोलंबिया स्ट्रीटवर, फेब्रुवारीत,
टाय सैल करून, तिचाच मालासादा खात खात.

विकलं म्हणणंही खोटंच.
अठ्ठेचाळीस महिन्यांच्या भाड्याने दिलं,
दरमहा एकोणसाठ डॉलर,
आणि यंत्राची किंमत सगळी मिळून तीनशे.
हा गुणाकार तिने केला नाही.
मी केला होता, गाडीत बसून, आत शिरायच्या आधी.

आता कंपनीने मला काढलं त्यालाही चार महिने झाले.
पाव घ्यायला गेलो
तर तिने पिठाळ हातांनी महिनाअखेरचं स्टेटमेंट पुढे सरकवलं.
"तुम्ही म्हणाला होतात, एक पूर्णांक सहा टक्के.
मग हे चार कुठून आले?"
आवाज चढवून विचारलं असतं तर बरं झालं असतं.
तिने चष्मा पुसत विचारलं.

मग मी, ज्याने हा कागद कधी कुणाला वाचून दाखवला नव्हता,
वाचू लागलो.

हे इंटरचेंज. गिऱ्हाइकाच्या बँकेचं.
पिठाचा भाव समजा, तुमच्या-माझ्या हातात नाही.
साध्या डेबिटला कमी,
विमानाचे मैल मिळवून देणाऱ्या जाड कार्डाला जास्त.
"म्हणजे डॉक्टर पाशेकु दर वर्षी लिस्बनला जातात
ते माझ्या पावावर?"
थोडंफार, मी म्हणालो.

हे कार्डावर ज्यांचं चिन्ह आहे त्यांचं.
मीठ. चिमूटभर, पण प्रत्येक घाण्यात.
आणि रात्री बॅच बंद करायची राहिली की दर चढतो.
"पावाचा घाणा मी चाळीस वर्षांत विसरले नाही," ती म्हणाली,
"हा घाणा असतो हेच कुणी सांगितलं नाही."

आणि हा तिसरा आकडा.
इथे मी थांबलो.
मागे कुणीतरी भट्टीतून ट्रे ओढला.
हा आमचा, म्हणालो. यावर घासाघीस करता येते.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"
तुम्ही गळून पडलं होतं.

दुसऱ्या पानावर उणे तीनशे चाळीस. चार्जबॅक.
जूनमधला लग्नाचा केक.
नवरीच्या आईने बँकेला कळवलं होतं, माल मिळालाच नाही.
उत्तराची मुदत सांगणारं पत्र आलं होतं,
तिने जाहिरात समजून ते डगमगत्या टेबलाखाली घातलं.
"अर्ध्या गल्लीने खाल्ला! पाद्रीबाबांनी दोनदा घेतला!"
बँकेच्या फॉर्मवर जिभांसाठी रकाना नसतो.
सही केलेली पोच लागते, तारीख लागते.
शिवाय हरल्याचे वेगळे पंचवीस.

शेवटी कराराची प्रत काढली. करड्या अक्षरातलं कलम अकरा:
भाडेकरार रद्द होणार नाही.
यंत्र बिघडलं तरी, दुकान मिटलं तरी.
खाली तिची सही, शाळकरी पोरीसारखी गोल गोल,
आणि तिच्या शेजारी, साक्षीदार म्हणून, माझी.

चौदा महिने उरलेत.
संपायच्या नव्वद दिवस आधी पत्र टाकलं नाही
तर तोच करार आणखी एक वर्ष चालू राहतो.
चर्चच्या कॅलेंडरवर मी ती तारीख शोधली.
पुढच्या वर्षाचं कॅलेंडर अजून छापलेलंच नव्हतं.
मग पिठाच्या पोत्याचा तुकडा फाडून त्यावर लिहिली,
रजिस्टर पोस्टाने, असंही लिहिलं,
आणि तिने तो संत अंतोनच्या पायाशी खोचला.

पाव आणि कॉफी, चार डॉलर दहा.
मी कार्ड काढलं.
तिने काचेवरच्या पाटीला बोट लावलं: दहाच्या आत रोख.
रोख नव्हती माझ्याकडे.

गल्ल्याखालून तिने एक वही काढली, कोपरे तेलकट,
पेन्सिलीने लिहिलं:
जेरी, यंत्रवाला. ४.१०.

वरच्या ओळीत ज्याचं नाव होतं
तो माणूस मागच्या थंडीत वारला होता.
त्याचे सहा डॉलर तसेच होते, न खोडलेले.

मुदत किती, मी सवयीने विचारलं.
ती भट्टीकडे गेली होती.