वरची बारीक नळी

बालबिनाची पावाची गाडी तिसऱ्यांदा आली
पुतण्याच्या ट्रॅक्टरमागे, दोरीला बांधून.
मागच्या दारातून अजून राईच्या पावाचा वास
आणि पुढून जळक्या तेलाचा.

अमारो काही बोलला नाही.
आधीचे दोन टर्बो त्यानेच बसवले होते,
एक जुलैत, एक सर्व संतांच्या दिवसानंतर.
दोन्हींचा दांडा निळा पडून मोडला.
"माल खोटा," म्हणाला, "हल्ली सगळाच माल खोटा."
आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

माझे हात लहान आहेत.
जानेवारीत गॅरेजात मला त्यासाठीच घेतलं,
कागदावर मात्र लिहिलंय : मदतनीस.

वरचं झाकण, हवेचा डबा, वायपरखालची पट्टी.
पट्टीखाली चेस्टनटची पानं कुजून खत झालेली.
एक क्लिप तुटली. एक तुटतेच.
मग इंजिन आणि मागच्या पत्र्याच्या भिंतीमधली ती फट,
जिथे नजर जात नाही, मनगट जातं,
तेही घड्याळ काढून ठेवल्यावर.

इथून पुढे आंधळी कोशिंबीर.
गालाला गार पत्रा. अमारो मागून टॉर्च धरतो,
नेमका मला नको तिथे.
बोटं चालतात : हे उष्णतेचं कवच, खरखरीत,
हा टर्बोचा शंख,
ही खालची जाड नळी. ही नव्हे.
ही तेल परत नेते,
आणि परतीची वाट नेहमी रुंद असते.
मला हवी ती वरची,
पेन्सिलीहून बारीक,
ब्लॉकमधून निघून मान वाकडी करत वर आलेली.
सापडली, म्हणजे
तिच्या पट्टीने बोट कापलं.

पाना एका खेपेला
मिनिटकाट्याच्या दोन घरांएवढाच फिरतो.
बाहेर बालबिना फोनवर वरच्या वस्तीला सांगतेय,
दाराला पिशव्या टांगू नका, भिजतील.

खालचा पोकळ बोल्ट निघाला. त्याच्यासोबत
तांब्याचं एक वायसर. दुसरं निसटलं,
तीन वेळा वाजलं,
मग वाजलंच नाही.

बोल्ट मी खिडकीपाशी नेला.
त्याच्या पोटात गाळणी असते,
तांदळाच्या दाण्याएवढी.
तिथे जाळी नव्हती, काजळीचा खडा होता.
नळीत फुंकर मारली. माझेच गाल फुगले.

मिनिटाला लाखावर फेरे घेणारा दांडा
कशालाच टेकलेला नसतो,
तेलाच्या सायीवर तरंगतो.
साय नाही, तर लोखंडाला लोखंड.
"दोन नवे टर्बो आपण तहानेने मारले," मी म्हटलं.

आपण म्हटलं.

अमारोने नळी हातात घेतली.
बाहेरून ती चांगलीच दिसते.
दोन्ही वेळा त्याने वरचं टोक तेवढं सोडलं,
पुसलं, परत लावलं.
खालपर्यंत त्याचा हात जात नाही.
अठरा युरो वाचले होते,
बालबिनाचे, त्याचे नव्हे, हेही खरं.

शुक्रवारी लुगोहून नवी नळी आली, तिसरा टर्बो आला.
वरचं टोक मोकळं ठेवून, डिझेल तोडून
इंजिन नुसतं फिरवलं.
जॅमच्या बरणीत आधी हवा थुंकली,
मग थेंब, मग थेंबाला थेंब लागून
मधासारखी अखंड धार.
आम्ही तिघंही पाहत राहिलो,
पुरेसं झालं तरी कुणी थांब म्हणेना.

बिलावर अमारोने एकच ओळ लिहिली :
नळी, अठरा.
बालबिनाने चष्मा लावून ती दोनदा वाचली,
मान वर केली
आणि काही विचारलं नाही.

दुसरं वायसर अजून सापडलेलं नाही.
गाडीच्या पोटात कुठेतरी बसून
ते रोज वरच्या वस्तीपर्यंत
पाव वाटून येत असणार.